वेबसाइट बंद पडली, तरी स्क्रिप्ट म्हणते 'सगळं ठीक'! नजर ठेवणारी स्क्रिप्ट नेमकी कुठे चुकते?

१८ नोव्हेंबर २०२५. भारतात संध्याकाळचे पाच वाजत आले होते आणि अचानक एक्स उघडेना. चॅटजीपीटी उघडेना. असं झालं की नेटकरी एक गोष्ट हमखास करतात. 'डाउनडिटेक्टर' उघडून बघतात, की आपलंच नेट गेलंय की सगळीकडेच बोंब आहे. त्या संध्याकाळी डाउनडिटेक्टरही धड उघडत नव्हतं. या साइट्सच्या पुढ्यात उभी असलेली क्लाउडफ्लेअर ही कंपनीच अडखळली होती, आणि कोण बंद पडलंय हे सांगणारी साइटही तिच्याच भरवशावर चालत होती.

गंमत इथेच संपत नाही. क्लाउडफ्लेअरचं स्वतःचं स्टेटस पेज कंपनीने मुद्दाम आपल्या यंत्रणेच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवलेलं आहे. नेमकं तेही त्याच वेळी बंद पडलं. हा निव्वळ योगायोग होता असं कंपनीने नंतर स्पष्ट केलं, पण तेवढ्या वेळात आपल्यावर कुणी हल्ला तर केला नाही ना, अशी शंका कंपनीतल्याच काही लोकांना येऊन गेली.

म्हणजे 'साइट चालू आहे का?' हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मोठमोठ्या कंपन्यांची जिथे गाडी अडते, तिथे एखादं कॉलेज, पतसंस्था किंवा ऑनलाइन मसाले विकणारं घरगुती दुकान काय करतं? तिथे बहुतेक वेळा एक छोटी स्क्रिप्ट असते. कुणीतरी कधीतरी लिहिलेली, दहा-बारा ओळींची. दर पाच मिनिटांनी ती साइटला हाक मारते, 'ओ' आली तर गप्प बसते, नाही आली तर मेल किंवा टेलिग्रामवर मेसेज टाकते.

आणि मग एक दिवस साइट तासभर बंद राहते आणि स्क्रिप्ट गप्प बसते. किंवा उलट होतं, साइट मस्त चालू असते आणि स्क्रिप्ट रात्री तीन वाजता आरडाओरडा करते. अशा वेळी दुरुस्ती कुठून सुरू करायची?

आधी भांडण कुणाचं आहे ते ठरवा

उदाहरणासाठी समजा, तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजने प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन ठेवलेत. शेवटचा दिवस आहे. पोरं सायबर कॅफेत आणि मोबाइलवर फॉर्म भरतायत, पेज उघडत नाहीये, आणि ऑफिसातला माणूस म्हणतोय, "आमच्याकडे तर चालू दाखवतंय."

पहिलं काम म्हणजे तीन वेगवेगळ्या जागांवरून तेच पेज उघडून बघणं. ऑफिसच्या वायफायवरून, मोबाइलचा डेटा वापरून, आणि जमलं तर खुद्द सर्व्हरवर लॉगिन करून. तिन्हीकडे बंद असेल तर सर्व्हर गेलाय. सर्व्हरवर चालू आणि बाहेर बंद असेल, तर मधला रस्ता, फायरवॉल किंवा डोमेनच्या नावाची भानगड आहे. सगळीकडे चालू आणि फक्त स्क्रिप्ट बोंबलत असेल, तर आजारी स्क्रिप्ट आहे. ही दोन मिनिटांची तपासणी न करता थेट स्क्रिप्टचा कोड उघडून बसणारे लोक पुढचे दोन तास घालवतात.

यातली मोबाइल डेटाची पायरी बरेच जण गाळतात. पण जिओसारखं नेटवर्क आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्ते मोठ्या प्रमाणावर वापरतं, आणि ऑफिसची लाइन बऱ्याचदा जुन्या आयपीव्ही४ वरच असते. साइटचा जुना पत्ता बरोबर आणि नवा पत्ता चुकीचा नोंदवलेला असेल, तर ऑफिसात सगळं आलबेल दिसतं आणि मोबाइलवाल्यांना पेज रखडतं. स्क्रिप्टही ऑफिसच्याच लाइनवर बसलेली असेल, तर तिलाही आलबेलच दिसणार.

पिंग लागतोय म्हणजे साइट चालू?

नाही. आणि बहुतेक जुन्या स्क्रिप्ट्सचं मूळ दुखणं इथेच असतं.

पिंगला उत्तर देतं ते मशिनचं ऑपरेटिंग सिस्टीम. वेबसाइट चालवणारा वेब सर्व्हर हा त्या मशिनवरचा एक वेगळा प्रोग्राम असतो. तो मरून पडला तरी मशीन पिंगला आनंदाने उत्तर देत राहतं. दुकानाचं शटर बंद आहे, पण आतल्या घरात दिवा लागलाय, असा हा प्रकार. उलट बाजूही आहे. अनेक ठिकाणी सुरक्षेसाठी पिंग बंद करून ठेवतात, त्यामुळे साइट ठणठणीत असूनही पिंगवर विसंबलेली स्क्रिप्ट तिला मेलेली ठरवते.

म्हणून शहाणी स्क्रिप्ट ब्राउझरसारखी वागते, म्हणजे पेजच मागून बघते. त्यासाठी 'कर्ल' नावाचा छोटा प्रोग्राम जगभर वापरला जातो. पण कर्लच्याही काही सवयी आहेत, आणि त्या माहीत नसतील तर स्क्रिप्ट पुन्हा खोटं बोलायला लागते.

सगळ्यात घातक सवय ही. सर्व्हरने पेजऐवजी ५०० क्रमांकाची चूक पाठवली, तरी कर्ल 'काम फत्ते' म्हणतो. त्याच्या दृष्टीने निरोप नेला, उत्तर आणलं, काम संपलं. उत्तर काय आलं हे बघायची जबाबदारी त्याने घेतलेलीच नसते. स्क्रिप्टमध्ये 'कर्ल यशस्वी झाला तर साइट चालू' एवढंच लिहिलं असेल, तर डेटाबेस कोसळून प्रत्येक विद्यार्थ्याला एरर दिसत असतानाही स्क्रिप्ट शांत बसते. उपाय अगदी छोटा आहे. कर्लला 'फेल' हा पर्याय द्यायचा. मग ४०० किंवा त्यापुढचा कोणताही कोड आला की तो अपयश मानतो आणि २२ हा आकडा परत देतो.

हे आकडे म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम. कर्लने ६ दिला, तर डोमेनच्या नावावरून पत्ताच सापडला नाही. ७ म्हणजे पत्ता सापडला पण दार उघडलं नाही, सहसा वेब सर्व्हर बंद असतो. २८ म्हणजे वाट बघून बघून वेळ संपली. ६० म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्रावर विश्वास बसला नाही. अनेक स्क्रिप्ट्स हे चारही प्रकार एकाच 'साइट बंद आहे' या मेसेजमध्ये कोंबतात आणि मग माणूस अंधारात चाचपडतो. लॉगमध्ये वेळ, हा आकडा, सर्व्हरचा कोड आणि लागलेले सेकंद, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या तरी पुष्कळ. फक्त बरेच सर्व्हर यूटीसी वेळ लिहितात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते हे विसरलात, तर दुपारी चारची बिघाडाची नोंद लॉगमध्ये साडेदहाला सापडेल आणि तुम्ही ती चार वाजता शोधत बसाल.

२०० आलं, तरी साइट बंद असू शकते

वेबच्या भाषेत २०० म्हणजे 'सगळं ठीक'. पण हे ठीक म्हणतंय कोण?

डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं असं धरा. मुदत संपली की डोमेन विकणाऱ्या कंपनीचं जाहिरातींचं पान त्या पत्त्यावर दिसू लागतं. ते पान व्यवस्थित उघडतं, २०० कोडसह. स्क्रिप्टला वाटतं साइट चालू आहे. कॉलेजच्या जागी भलत्याच जाहिराती दिसतायत, हे तिला कळायला डोळे कुठे आहेत?

तसंच 'साइटची देखभाल सुरू आहे, थोड्या वेळाने या' या पानाचं. नियमाप्रमाणे त्यासोबत ५०३ हा कोड जायला हवा. पण घाईत बनवलेली अशी पानं सर्रास २०० पाठवतात.

यावर इलाज म्हणजे पेजमध्ये असायलाच हवा असा एखादा शब्द शोधणं. शब्द निवडताना मात्र डोकं लावावं लागतं. कॉलेजचं नाव शोधलंत तर ते देखभालीच्या पानावरही सापडेल. त्यापेक्षा डेटाबेसमधूनच येऊ शकेल अशी गोष्ट बघावी, जसं की अर्जाच्या पानावरची अभ्यासक्रमांची यादी. ती यादी दिसली म्हणजे वेब सर्व्हर, प्रोग्राम आणि डेटाबेस असे तिघेही जागेवर आहेत. होमपेज तपासण्यात तसाही फारसा अर्थ नसतो. ते बऱ्याचदा कुठल्या तरी कॅशमधून येतं आणि मागचा सर्व्हर झोपलेला असला तरी छान उघडतं. लोक अर्ज भरायला आलेत, मग अर्जाचं पान तपासायला हवं.

रीडायरेक्टचा घोळही इथलाच. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेली की जुना पत्ता ३०१ कोड देऊन 'पलीकडे जा' म्हणतो. ब्राउझर निमूट पलीकडे जातो. कर्ल सांगितल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे साइट सुधारली त्याच दिवसापासून स्क्रिप्ट बोंबलू लागते. काही जण वैतागून '४०० पेक्षा कमी काहीही चालेल' अशी सूट देऊन टाकतात, आणि मग पेज चुकीच्या ठिकाणी वळलं तरी पास होतं. पत्ताच बदलून नवा लिहावा, हे सोपं.

आणि अचानक ४०३ यायला लागलं तर? बहुधा साइटच्या पुढे बसलेल्या सुरक्षा सेवेने स्क्रिप्टला बॉट म्हणून ओळखलंय. ती ओळखतेय ते बरोबरच आहे, स्क्रिप्ट बॉटच असते. अशा वेळी तिचा आयपी पत्ता त्या सेवेत परवानगीच्या यादीत टाकावा. ब्राउझर असल्याचं सोंग घेणं आज चालतं, उद्या पकडलं जातं.

निकालाचा दिवस आणि थांबून राहिलेली स्क्रिप्ट

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी एकला निकाल ऑनलाइन येणार आणि लाखो पालक त्याच मिनिटाला बटण दाबणार. अशा गर्दीत सर्व्हर पूर्ण बंद पडेलच असं नाही. तो हळू होतो. पेज गोल गोल फिरत राहतं.

स्क्रिप्टसाठी ही सगळ्यात अवघड अवस्था. बंद दार तिला समजतं, पण अर्धवट उघडं दार समजत नाही. वेळेची मर्यादा घातलेली नसेल, तर जोडणी व्हायची वाट कर्ल ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं बघू शकतो. जोडणी झाल्यावर पेज यायला किती वेळ लागावा यावर तर मुळात काही बंधनच नसतं. स्क्रिप्ट अडकून पडते, पण अपयशी ठरत नाही, त्यामुळे मेसेजही जात नाही.

पुढचा भाग आणखी वाईट. वेळापत्रकानुसार पुढच्या मिनिटाला दुसरी स्क्रिप्ट सुरू होते, तीही अडकते. मग तिसरी. तासाभरात साठ स्क्रिप्ट्स एकाच आजारी सर्व्हरचं दार ठोठावत उभ्या. नजर ठेवायला नेमलेल्यानेच गर्दीत भर टाकायची, याला काय म्हणावं!

म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या. एक, कर्लला 'मॅक्स-टाइम' देऊन दहा किंवा पंधरा सेकंदांची मर्यादा. इतका वेळ लागला तर माणूस तसाही पेज सोडून जातो, मग ते चालू मानून उपयोग काय? दोन, आधीची स्क्रिप्ट संपलेली नसेल तर दुसरी सुरूच होऊ नये यासाठी कुलूप. लिनक्सवर 'एफलॉक' हे काम एका ओळीत करतो.

हाताने चालवली की चालते, आपोआप चालत नाही

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. लिनक्सवर ठरावीक वेळी काम करणाऱ्या व्यवस्थेला 'क्रॉन' म्हणतात. तुम्ही लॉगिन करून स्क्रिप्ट चालवता तेव्हा तुमच्या खात्याची सगळी मांडणी तिच्या दिमतीला असते. क्रॉन मात्र तिला जवळपास रिकाम्या खोलीत चालवतो. प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी तिथे अगदी तोकडी असते, त्यामुळे एखादं साधन वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर ते सापडत नाही. प्रत्येक प्रोग्रामचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहिणं हा साधा उपाय.

पण खरी मेख आहे टक्क्याच्या चिन्हात. कर्लकडून सर्व्हरचा कोड मागवायचा तर आज्ञेत % हे चिन्ह लागतं. आता ही आज्ञा तुम्ही थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहिली, की क्रॉन त्या चिन्हाला 'इथे ओळ संपली' असं समजतो. पुढचं सगळं आज्ञेतून गायब. टर्मिनलवर हीच ओळ शंभर वेळा चालवा, शंभर वेळा चालेल. क्रॉनमध्ये एकदाही नाही. चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून क्रॉनला फक्त त्या फाइलचं नाव सांगा. दुसरा मार्ग केव्हाही बरा.

अशी चूक दिवसेंदिवस लपून राहते, कारण क्रॉन आपली तक्रार मेलने पाठवतो आणि त्या सर्व्हरवर मेलची सोय केलेलीच नसते. मग तो तक्रार फेकून देतो. स्क्रिप्टचं सगळं बोलणं, चुकांसकट, एका लॉग फाइलमध्ये वळवलं की हा मूकपणा संपतो. विंडोजवर लिहून सर्व्हरवर चढवलेली फाइल असेल, तर ओळीच्या शेवटी राहिलेली अदृश्य खूणही तपासा. तिच्यामुळे स्क्रिप्ट मुळात सुरूच होत नाही.

प्रमाणपत्राची मुदत

३० सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी, भारतीय वेळेनुसार साडेसातच्या सुमारास, जगभरातल्या अनेक स्क्रिप्ट्सना एकदम वाटलं की साइट्स गेल्या. ब्राउझरमध्ये त्याच साइट्स व्यवस्थित चालू होत्या. झालं होतं असं, की लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था साइट्सना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रं देते, आणि तिच्या विश्वासाच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं. नवी साखळी तयार होतीच. पण ओपनएसएसएलच्या १.०.२ सारख्या जुन्या आवृत्त्या जुन्याच साखळीला धरून बसल्या आणि 'प्रमाणपत्र संपलंय' म्हणू लागल्या. साइट ठीक, ब्राउझर ठीक, नजर ठेवणारं मशीन म्हातारं.

अशा वेळी वैतागून लोक कर्लला 'इनसिक्युअर' हा पर्याय देतात, म्हणजे प्रमाणपत्र तपासूच नकोस. बोंब थांबते. पण त्यानंतर प्रमाणपत्र खरोखर संपतं तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलवर भलीमोठी धोक्याची सूचना झळकते आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. हा पर्याय नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये असूच नये. मशीन अपडेट करणं हाच उपाय.

दुसरा एक बारकावा. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि सर्व्हर ते आपोआप नवं करून घेतो. नवी फाइल डिस्कवर येते, पण वेब सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगितलं नाही, तर तो मेमरीतलं जुनंच वाटत राहतो. म्हणून तारीख डिस्कवरच्या फाइलची बघू नये, बाहेरून साइटला विचारून बघावी. हे दुखणं पुढे वाढणार आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं आणि मार्च २०२९ पासून ती फक्त ४७ दिवस असेल.

एकदा अडखळली की लगेच आरोळी?

इंटरनेटवर एखादी विनंती वाटेत हरवणं रोजचंच. पहिल्याच अपयशाला मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट आठवड्याभरात माणसाचा विश्वास गमावते. लांडगा आला रे आला! लोक तिचा टेलिग्राम ग्रुप म्यूट करतात, आणि मग खरा लांडगा येतो. त्यामुळे लागोपाठ तीनदा अपयश आलं तरच बोलावं, ही पद्धत रुळली आहे. दोन वेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवरून तपासता आलं तर आणखी उत्तम. बंद पडल्यावर एक मेसेज आणि परत चालू झाल्यावर एक. दर मिनिटाला तोच मेल पाठवत राहिलात, तर तासाला साठ मेल होतात आणि मेल सेवा तुम्हालाच स्पॅम ठरवून मोकळी होते.

तीनच्या नियमाची एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. क्लाउडफ्लेअरच्या नोव्हेंबरच्या बिघाडात एक फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होत होती. सुरुवातीला ती कधी चांगली यायची, कधी बिघडलेली. त्यामुळे यंत्रणा सुधारायची, पुन्हा पडायची, पुन्हा सुधारायची. असं हेलकावणारं दुखणं 'लागोपाठ तीन'मध्ये सापडेलच असं नाही. शेवटच्या दहा तपासण्यांपैकी चार फसल्या तर बोल, असा दुसरा नियम जोडीला असावा.

किती वेळाने तपासावं? ९९.९% चालू राहण्याची हमी ऐकायला भारी वाटते, पण तिच्यात महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची सूट असते. दर पाच मिनिटांनी बघणाऱ्या स्क्रिप्टला चार मिनिटांचा बिघाड दिसणारच नाही, असंही होऊ शकतं. कॉलेजच्या साइटला एरवी पाच मिनिटं पुरतात. प्रवेशाच्या आठवड्यात एक मिनिट करावं.

स्क्रिप्टच्या हातात किल्ली द्यावी का?

काही जण पुढे जाऊन स्क्रिप्टला सांगतात, साइट बंद दिसली तर सर्व्हर रीस्टार्ट कर. रात्रीची झोप वाचते, हे खरं. पण स्क्रिप्टचं निदानच चुकलं तर?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअप जवळपास सहा तास बंद होते, भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. अशी चुकीची आज्ञा अडवायला एक तपासणी यंत्रणा होती, तिच्यातच बग होता. पण त्यानंतरचं जे झालं ते आपल्या विषयाचं आहे. फेसबुकच्या डीएनएस सर्व्हर्सना शिकवलेलं होतं, की डेटा सेंटरशी बोलणं होत नसेल तर स्वतःला आजारी समजून इंटरनेटवरची आपली नोंद मागे घ्यायची. एक-दोन सर्व्हरसाठी हा नियम शहाणपणाचा आहे. त्या दिवशी सगळ्यांनीच एकदम तो पाळला. सर्व्हर चालू होते, पण जगाच्या नकाशावरून फेसबुकचा पत्ताच पुसला गेला. इंजिनिअर्सची रोजची साधनंही त्यात अडकली आणि लोकांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं.

छोट्या साइटवर याची धाकटी आवृत्ती दिसते. गर्दीमुळे सर्व्हर हळू झालेला असतो, स्क्रिप्ट त्याला रीस्टार्ट करते, अर्ध्यावर फॉर्म भरत असलेल्यांचं काम जातं, ते सगळे पुन्हा एकदम येतात, सर्व्हर पुन्हा हळू होतो, स्क्रिप्ट पुन्हा रीस्टार्ट करते. किल्ली द्यायचीच असेल तर तासाला एकदाच, आणि त्यानंतर माणसाला उठवायचं.

पहारेकऱ्यावर पहारा

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस३ या साठवणूक सेवेचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला भाग कोसळला. एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना एक तपशील चुकीचा टाइप केला आणि ठरवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. असंख्य साइट्स बंद. आणि ॲमेझॉनचा स्वतःचा डॅशबोर्ड? तो हिरवाच. तो बदलायची यंत्रणा त्याच एस३ वर अवलंबून होती, त्यामुळे सुमारे दोन तास कंपनीला त्यावर लाल खूणही करता आली नाही. तोवर ग्राहकांना ट्विटरवरून माहिती द्यावी लागली.

कॉलेजच्या साइटवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर बसलेली असेल, तर गोष्ट हुबेहूब हीच. वीज गेली, सर्व्हर गेला, सोबत स्क्रिप्टही गेली. मेसेज पाठवणार कोण? शिवाय एकाच मशिनवरून तपासताना ती बाहेरचा रस्ता कधी बघतच नाही. त्या मशिनच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये साइट हलवताना कुणी तात्पुरता पत्ता लिहून विसरला असेल, तर मग विचारायलाच नको. जगाला एक साइट दिसते, स्क्रिप्टला दुसरीच. म्हणून स्क्रिप्ट वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या सर्व्हरवर हवी. हे जमत नसेल तर अपटाइमरोबोटसारख्या तयार सेवा आहेत, आणि स्वतःच्या मशिनवर बसवायला अपटाइम कुमा हा मोफत प्रोग्राम आहे.

तरी एक प्रश्न उरतो. स्क्रिप्ट गप्प आहे म्हणजे साइट ठीक आहे, की स्क्रिप्ट मेली आहे? दोन्हीची शांतता सारखीच ऐकू येते. यावरची युक्ती उलटी आहे. स्क्रिप्टने प्रत्येक फेरीनंतर दुसऱ्या एखाद्या सेवेला 'मी जिवंत आहे' असा निरोप द्यायचा. ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही, की ती सेवा तुम्हाला मेसेज करते. हेल्थचेक्स.आयओ ही सेवा हेच काम करते.

आणि हे सगळं बसवल्यावर एकदा मुद्दाम मोडून बघा. कमी वर्दळीच्या वेळी वेब सर्व्हर बंद करा आणि घड्याळ लावा. तुमची साइट बंद ठेवायची नसेल, तर स्क्रिप्टला अस्तित्वात नसलेल्या पानाचा पत्ता द्या, काम तेच होतं. चार-पाच मिनिटांत मोबाइल वाजला पाहिजे. नाही वाजला तर आधी स्पॅम फोल्डर बघा, मग टेलिग्राम बॉटचा टोकन अजून चालतोय का ते बघा, आणि सगळ्यात शेवटी मेसेज ज्याच्या नंबरवर जातोय तो माणूस अजून त्या कॉलेजात नोकरीला आहे का, तेही विचारून घ्या.